निशिदांचा ठाव : जपानमधले सहा दिवस

पहिला दिवस : कानाझावा

कानाझावा स्थानकाबाहेर आलो तेव्हा पाऊस पडत होता आणि माझी छत्री तोक्योत, भाच्याच्या घराच्या दाराशी टेकवलेली तशीच राहिली होती. "डबा विसरलास तरी चालेल, पण छत्री विसरू नकोस" अशी या गावात म्हण आहे, हे भाच्याने मला शिंकानसेन या वेगवान गाडीत, म्हणजे सांगून काही उपयोग नव्हता तेव्हा सांगितले. स्थानकातल्या दुकानात पारदर्शक प्लास्टिकची एक छत्री घेतली. तीच पुढचे सहा दिवस माझ्या हातात होती.

एकतीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले. निशिदा कितारो या जपानी तत्त्वज्ञाचे नाव (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी) आमच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हते. मला ते सापडले ते एका वाक्यामुळे. १९२८ साली क्योतो विद्यापीठातून निवृत्त होताना त्यांनी स्वतःविषयी लिहिले की आपले आयुष्य अगदी साधे गेले, पहिला अर्धा भाग फळ्याकडे तोंड करून बसण्यात आणि दुसरा अर्धा भाग फळ्याकडे पाठ करून उभे राहण्यात; फळ्यापुढे एकदा वळलो, एवढे म्हटले की माझे चरित्र संपले. ज्याने आयुष्यभर खडू हातात धरला त्याला हे वाक्य विसरणे शक्य नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की या 'साध्या' आयुष्याच्या माणसाच्या अस्थी तीन ठिकाणी विभागून ठेवल्या आहेत : जन्मगावी, क्योतोत आणि कामाकुरात. प्रवासाचा आराखडा तिथेच ठरला. भाचा तोक्योत संगणकाच्या कामावर आहे, जपानी वाचतो, आणि त्याची रजा शिल्लक होती.

दुपारी आम्ही शिकोच्या जुन्या इमारतीत गेलो. शिको म्हणजे चौथी उच्च शाळा. विद्यापीठात जाण्याआधीचा टप्पा. गावाच्या मध्यावर, झाडांमागे उभी असलेली तांबड्या विटांची ही इमारत आता संग्रहालय आहे आणि आत जुने वर्ग पुन्हा मांडून ठेवले आहेत. लाकडी बाकावर बसून फळ्याकडे पाहिले आणि मनात आले की निशिदा इथेच बसले असतील. भाच्याने भिंतीवरचा मजकूर वाचून माझा भ्रम दूर केला. इमारत पुरी झाली १८९१ साली, आणि विद्यार्थी निशिदा १८९० सालीच शाळा अर्धवट सोडून बाहेर पडले होते. शाळा केंद्र सरकारच्या ताब्यात गेल्यावर शिस्त लष्करी वळणाची झाली, ती या पोरांना मानवली नाही, वर्तणुकीचे गुण गेले, आणि वीस वर्षांचा हा मुलगा पदवीच्या वाटेवरून उतरला. त्याची शिक्षा त्यांना पुढे तोक्योत भोगावी लागली. शाळेची परीक्षा न दिल्यामुळे शाही विद्यापीठात त्यांना केवळ निवडक विषयांचे विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला, आणि अशा विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसता येत नसे. बाहेरच्या बोळात ठेवलेल्या टेबलांवर वाचावे लागे. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही हा बोळ आहे. अपमान विसरणारा हा माणूस नव्हता, असे मला वाटते.

या इमारतीत ते आले ते शिक्षक म्हणून. १८९९ ते १९०९ अशी दहा वर्षे ते इथे मानसशास्त्र, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र आणि जर्मन शिकवत होते, आणि विद्यार्थी त्यांना 'देंकेन सेन्सेइ' म्हणत. देंकेन म्हणजे जर्मन भाषेत विचार करणे. तेव्हा मी उठलो आणि बाकाऐवजी फळ्याला पाठ करून उभा राहिलो. जागा तीच बरोबर होती.

दुसरा दिवस : कानाझावा, सोमवार

सोमवारी संग्रहालये बंद असतात हे मला ठाऊक असायला हवे होते. उनोके या निशिदांच्या जन्मगावचे स्मारकही बंद आणि त्यांचे मित्र, झेन विचारवंत सुझुकी यांचे इथले संग्रहालयही बंद. दिवस पायी फिरण्यात घालवला, आणि आता वाटते की तो वाया गेला नाही.

'चांगुलपणाचा अभ्यास' हे निशिदांचे पहिले पुस्तक जानेवारी १९११ मध्ये निघाले. मूळ मनात असलेले नाव 'शुद्ध अनुभव आणि सत्' अशा अर्थाचे होते. प्रकाशकाच्या आग्रहाने ते बदलले. पंचवीस वर्षांनी, १९३६ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात की सत् हे आहे तसेच, समोर दिसते तेच असले पाहिजे, ही कल्पना आपल्याला फार लवकर सुचली होती, आणि शाळकरी वयात कानाझावाच्या रस्त्यांवरून चालताना आपण स्वप्नात असल्यासारखे याच विचारात गढून जात असू. म्हणून आम्हीही चाललो. केनरोकुएन बागेत माळी पाइन वृक्षांना दोऱ्या बांधत होते. झाडाच्या मध्यावर उंच बांबू उभारतात, त्याच्या टोकापासून भाताच्या काडाच्या दोऱ्या खाली सोडतात आणि एकेक फांदी त्या दोरीला टांगतात, म्हणजे इथल्या ओल्या, जड बर्फाने ती मोडत नाही. दरवर्षी १ नोव्हेंबरला हे काम सुरू होते. एक माळी वरून दोरी सोडायचा, खालचा ती न बघता झेलायचा आणि फांदीला गाठ मारायचा. दोघांत एक शब्द नाही. 'शुद्ध अनुभव' समजावताना निशिदांनी दिलेली उदाहरणे अशीच आहेत : जिवाच्या आकांताने कडा चढणारा माणूस, हात बसलेली रचना वाजवणारा वादक. तिथे पाहणारा आणि पाहिले जाणारे अशी फाळणी अजून झालेली नसते. रंग दिसतो, पण 'मला रंग दिसतो' हे वाक्य अजून जन्मलेले नसते. या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी एका वाक्यात सारी मांडणी उलटी केली आहे : व्यक्ती आहे म्हणून अनुभव आहे असे नाही, अनुभव आहे म्हणून व्यक्ती आहे.

दुपारनंतर असानो नदी ओलांडून उतात्सुयामा या टेकडीवर चढलो. या टेकडीवर सेत्सुमोन नावाचे झेन गुरू राहत आणि निशिदा शाळेतले काम आटोपून त्यांच्याकडे बसायला जात. 'झेन' हा शब्द आपल्या 'ध्यान' शब्दाचाच चीनमार्गे गेलेला नातू आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. १९०१ साली गुरूंनी त्यांना 'सुनशिन' हे नाव दिले. सुन म्हणजे इंचभर, शिन म्हणजे चित्त. त्यांना दिलेले कोडे सर्वांत प्रसिद्ध कोडे होते : कुत्र्यात बुद्धत्व आहे का, असे विचारल्यावर चिनी गुरूने 'मु' म्हणजे 'नाही' असे उत्तर दिले, ते 'नाही' म्हणजे काय? त्या एका अक्षरावर ते वर्षानुवर्षे बसले. शेवटी ३ ऑगस्ट १९०३ रोजी, क्योतोच्या दाइतोकुजी मठात, दुसऱ्या गुरूंनी त्यांचे उत्तर मान्य केले. त्या दिवशीच्या रोजनिशीत निशिदांनी नोंद केली आहे की 'मु'ला मान्यता मिळाली, पण मला फारसा आनंद झाला नाही. साक्षात्काराच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आनंद झाला नाही असे प्रामाणिकपणे लिहिणारा साधक मला दुसरा आठवत नाही.

खाण्याचे हाल सांगण्याजोगे नाहीत. भाजीच्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तेव्हा शाकाहारी माणसाने आंबट उमेबोशी (खारवलेले जपानी फळ) घातलेले भाताचे गोळे खावेत आणि गप्प बसावे.

तिसरा दिवस : उनोके

नानाओ मार्गाची गाडी त्सुबाता स्थानकापाशी मुख्य रेल्वेपासून फुटते आणि नोतो द्वीपकल्पाकडे वळते. अर्ध्या तासाच्या आत उनोके येते. हे आता काहोकु शहरात मोडते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात या शहराच्या किनाऱ्याकडच्या वाळूच्या पट्ट्यात जमीन पातळ होऊन घरे कलली. नोतोत झालेला विनाश त्याहून कितीतरी मोठा.

निशिदा इथल्या मोरी गावात १९ मे १८७० रोजी जन्मले. घराणे गावप्रमुखांचे होते, ते वडिलांच्या काळात बुडाले. आई श्रद्धाळू बौद्ध होती, शुद्धभूमी पंथाची, अमिदा बुद्धाचे नाव घेणारी. मुलगा झेनकडे गेला, पण आयुष्याच्या शेवटच्या निबंधात तो आईच्या नामस्मरणापाशी परत आलेला दिसतो.

स्मारक टेकडीवर आहे. आंदो तादाओ या वास्तुशिल्पीने बांधलेली ही काँक्रीट आणि काचेची इमारत २००२ साली उघडली, आणि तिथे पायऱ्यांच्या बागेतून चढत जावे लागते. आत शिरल्यावर आम्ही दोनदा वाट चुकलो. जिना एका भिंतीपाशी नेतो, बोळ वळतो, आणि आपण अपेक्षा नसलेल्या दालनात निघतो. तिथल्या वृद्ध स्वयंसेवकाला भाच्याने बाहेर जायची वाट विचारली तेव्हा ते गृहस्थ प्रसन्नपणे हसले आणि म्हणाले, की बहुतेक सगळे चुकतात, चुकल्यावरच माणूस विचार करू लागतो. आंदोंचाही तोच हेतू होता म्हणे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला हे पटायला हरकत नव्हती, पण माझ्या गुडघ्यांचे मत वेगळे होते.

तळमजल्याच्याही खाली एक गोल दालन आहे, खलासारखे वर रुंदावत जाणारे, वरून उजेड येणारे. मी खोकलो तर खोकला भिंतीभोवती फिरून माझ्याकडे परत आला. दुसऱ्या बाजूला 'आकाशाची बाग' आहे : चारी बाजूंनी उंच काँक्रीटच्या भिंती आणि वर नुसते आकाश. तेव्हा पाऊस थांबला होता. ढग कडेने आत यायचे आणि दुसऱ्या कडेने निघून जायचे. भाचा पाच मिनिटे काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही नोंद करण्याजोगी घटना आहे.

प्रदर्शनात माझे सर्वांत जास्त लक्ष वेधले ते वह्यांनी. निशिदांच्या घराण्याकडे राहिलेल्या सुमारे पन्नास वह्या २०१५ साली उजेडात आल्या, त्या ओलीने आणि बुरशीने पाने एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत. एकेक पान सोडवून, वाळवून ती वाचण्याचे काम हाती घेतले गेले. काचेमागे पाहिले तर बारीक, झुकलेले अक्षर. जपानी मजकुरात मधेच जर्मन शब्द, समासात नंतर घातलेली ओळ. डाग शाईवर चढून पसरला होता आणि त्यातूनही अक्षर वाचता येत होते. आवारातच क्योतोच्या घरातून हलवून आणलेली त्यांची अभ्यासिका आहे. तिचे नाव कोस्सेइकुत्सु, म्हणजे जिथे हाडे निर्मळ होतात अशी गुहा.

हाडांचा हा उल्लेख माझ्या डोक्यातून जाईना, कारण निशिदांच्या घरात मृत्यू वारंवार आला. धाकटा भाऊ १९०४ साली रशियाविरुद्धच्या युद्धात, पोर्ट आर्थरला मारला गेला. १९०७ च्या जानेवारीत पाच वर्षांची मुलगी युको गेली, त्याच वर्षी आणखी एक तान्ही मुलगी गेली. १९१८ मध्ये आई. १९१९ मध्ये पत्नी कोतोमी मेंदूतल्या रक्तस्रावाने अंथरुणाला खिळल्या आणि १९२५ मध्ये वारल्या. दरम्यान १९२० मध्ये थोरला मुलगा केन बाविसाव्या वर्षी गेला. युकोच्या मृत्यूनंतर निशिदांनी आपल्या मित्राच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. हा मित्र, फुजिओका साकुतारो, साहित्याचा इतिहासकार. त्याचीही मुलगी गेली होती. प्रस्तावनेत वाङ्मयाविषयी असायचे, पण तिथे दोन बाप आहेत. काल गोड बोलणारी, गाणारी, खेळणारी पोर एकाएकी नाहीशी होऊन मडक्यातली पांढरी हाडे होते, हे काय आहे, असे ते विचारतात. लोक सांगतात की गेलेले परत येत नाही, तेव्हा विसरा. आणि आईबापाला नेमके तेच सोसवत नाही. निदान आपण जिवंत आहोत तोवर तरी तिची आठवण काढावी, हेच आईबापाचे खरेपण, असे ते लिहितात. सांत्वन स्वीकारायचे नाही, हा त्या लेखाचा सूर आहे. १९३० साली त्यांनी लिहिलेले प्रसिद्ध वाक्य (तत्त्वज्ञानाची सुरुवात आश्चर्यात नव्हे, जीवनाच्या खोल दुःखात असली पाहिजे) ग्रीकांना दिलेले चतुर उत्तर म्हणून मी वर्गात सांगत असे. तो माझा उथळपणा होता. ते वाक्य युकोपाशी सुरू होते.

परतताना टॅक्सीने मोरीतल्या चोराकुजी देवळात गेलो. पहिले स्मृतिस्थान इथे आहे. पुन्हा पाऊस लागला. भाच्याने दोन्ही हात जोडले, मी छत्री धरली.

चौथा दिवस : कानाझावा ते क्योतो

सकाळी सुझुकी संग्रहालय उघडण्याच्या वेळी दारात होतो. झेनला पाश्चात्त्य जगात नेणारे सुझुकी दाइसेत्सु हेही १८७० सालीच जन्मले, याच गावात, आणि शिकोत निशिदांचे सोबती होते. तानिगुची योशिओ यांनी २०११ साली उभारलेल्या या वास्तूत पाहण्यासारखे फारसे काही ठेवलेले नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. उथळ, सपाट पाण्याचे मोठे आंगण आहे आणि त्याच्या कडेला बसायची एक रिकामी पांढरी खोली. काही मिनिटांच्या अंतराने पाण्यात कुठेतरी 'डुब्' असा आवाज होतो, वर्तुळे उमटतात, भिंतीपर्यंत जातात आणि पाणी पुन्हा आरसा होते. यंत्राने केलेली गोष्ट आहे हे माहीत असूनही मी चार वेळा ती पाहिली.

शिंकानसेन २०२४ पासून त्सुरुगापर्यंत जाते. तिथे उतरून थंडरबर्ड गाडी धरायची. गाडी बिवा सरोवराच्या पश्चिम काठाने जाते आणि डाव्या हाताला बराच वेळ पाणीच पाणी दिसते. इथे मला भाच्याकडून एक गोष्ट शिकायला मिळाली, आणि ती या प्रवासातली माझी खरी कमाई आहे.

निशिदांचा मुख्य निबंध १९२६ चा, त्याचे नाव 'बाशो', म्हणजे जागा, स्थान. शुद्ध अनुभवाच्या कल्पनेवर मानसशास्त्राचा वास येतो, अशी टीका त्यांना स्वतःलाच बोचत होती. अनुभव कुठे घडतो, हा प्रश्न उरलेला होता. मी इंग्रजीतून वाचताना या निबंधावर नेहमी अडखळत आलो होतो. गाडीत मी भाच्याला मूळ जपानी वाक्य दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे 'नि ओइते आरु' आहे. म्हणजे अमक्यात असणं. आमच्या ऑफिसच्या सूचनेत असतं, बैठक तिसऱ्या मजल्यावर 'नि ओइते'. आपल्या पत्रिकेत 'स्थळ' लिहितात ना, तसं."

"म्हणजे 'च्या ठायी'," मी म्हणालो.

"हां, तसं जुन्या मराठीत म्हणत असतील."

जुन्या मराठीत नव्हे, मी अजून म्हणतो. आणि म्हणताच निबंध उघडला. 'तांबडा हा रंग आहे' या वाक्यात अॅरिस्टॉटलची नजर तांबड्यावर, उद्देश्यावर असते. जे कशाचेच विधेय होऊ शकत नाही ते खरे द्रव्य, असे तो म्हणतो. निशिदा नजर विधेयाकडे फिरवतात. तांबडा रंगाच्या ठायी आहे. रंग आणखी व्यापक कशाच्या तरी ठायी आहे. असे मागे मागे सरकत गेले की शेवटी असे विधेय हवे जे कधीच उद्देश्य होत नाही, ज्याच्या ठायी सगळे आहे आणि जे स्वतः कशाच्याच ठायी नाही. जाणीव ही त्या बाजूची आहे. ती वस्तू नव्हे, वस्तू जिच्या ठायी दिसतात ती जागा. तिच्याही मागे निशिदा 'निखळ अभावाची जागा' ठेवतात. हा अभाव म्हणजे काही नसणे नव्हे, कारण 'असणे' आणि 'नसणे' ही जोडीही त्याच्याच ठायी असते. टेकडीवरचे ते 'मु' इथे येऊन बसले आहे. प्लेटोच्या 'तिमाइयस' संवादातल्या, सर्व आकार आपल्यात घेणाऱ्या जागेवरून हा शब्द सुचल्याचे ते स्वतः सांगतात.

मराठीत 'ठाव' शब्दाला आणखी एक अर्थ आहे, खोलीचा. पाण्याचा ठाव लागत नाही, मनाचा ठाव लागत नाही. केनच्या मृत्यूनंतर, पत्नी अंथरुणावर असताना, १९२३ च्या सुमारास निशिदांनी एक वाका (जपानी लघुकविता) रचली आहे : माझ्या मनाला खोल तळ आहे, आनंदाच्या किंवा दुःखाच्या लाटा तिथवर पोचत नसाव्यात असे वाटते. तर्कशास्त्रातला ठाव आणि या कवितेतला ठाव यांच्यामध्ये तीनच वर्षे आहेत. जपानी भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत एकच, तेव्हा हा योग आमच्या भाषेने जुळवलेला आहे आणि त्याचे श्रेय निशिदांना देता येणार नाही. पण वाचकाने आपल्या भाषेतून वाचू नये तर कुठून वाचावे?

पाचवा दिवस : क्योतो

तत्त्वज्ञांचा रस्ता म्हणून ओळखली जाणारी वाट एका कालव्याच्या काठाने जाते. कालवा बिवा सरोवराचे पाणी डोंगर फोडून क्योतोत आणतो. तनाबे साकुरो या तरुण अभियंत्याने तो १८९० मध्ये पुरा केला. म्हणजे काल गाडीतून पाहिलेले पाणीच आज पायाशी होते. या गावातल्या नद्या दक्षिणेकडे जातात, ही शाखा मात्र उत्तरेकडे वाहते, आणि इतकी मंद की वर पडलेले लाल पान पुढे जाते आहे की नाही हे थांबून बघावे लागते. निशिदा आणि त्यांचे सहकारी इथे फिरत, म्हणून हे नाव. नोव्हेंबरात इथे फिरताना विचार करता येईल ही आशा सोडून द्यावी; किमोनो भाड्याने घेतलेल्या मुली, सेल्फी काठ्या आणि आइस्क्रीम यांच्यामधून वाट काढावी लागते. होनेन-इन देवळाच्या जवळ त्यांची ओळ कोरलेला दगड आहे. भाच्याने ती वाचली. तिचा मी केलेला अर्थ असा : लोक ते लोक, मी तो मी, काही झाले तरी माझी वाट मी चालणार. दगडापुढे फोटोसाठी रांग होती आणि आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो.

विद्यापीठ इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१० साली निशिदा इथे आले आणि अठरा वर्षे शिकवले. व्यासपीठावर किमोनोत येरझारा घालत, स्वतःशी बोलल्यासारखे ते बोलत. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींना 'क्योतो संप्रदाय' हे नाव १९३२ साली त्यांचाच एक डाव्या विचारांचा विद्यार्थी तोसाका जुन याने, टीका करताना दिले. तनाबे हाजिमे हे निशिदांनंतरचे प्राध्यापक, तेही त्यांचे कडक टीकाकार झाले. निशितानी केइजी नोतोचेच, ते १९९० पर्यंत जगले. तोसाका आणि मिकी कियोशी हे दोन विद्यार्थी मात्र तुरुंगात मेले : तोसाका ९ ऑगस्ट १९४५ रोजी, मिकी २६ सप्टेंबरला, युद्ध संपून सव्वा महिना उलटल्यावर.

दुपारी म्योशिनजी मठ गाठला. हा मठ म्हणजे भिंतींनी वेढलेले गावच आहे. गल्ल्या, वळणे, आणि त्यांच्या आत कितीतरी उपमठ. त्यांतल्या रेइउन-इनमध्ये निशिदांचे दुसरे स्मृतिस्थान आहे. हा उपमठ एरवी लोकांना खुला नसतो. बंद दारासमोर आम्ही दहा मिनिटे उभे राहिलो. आतून कोणीतरी पाने झाडत असल्याचा खराट्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

सहावा दिवस : कामाकुरा

पहाटेच्या शिंकानसेनने शिन-योकोहामा, तिथून किता-कामाकुरा. तोकेइजी हे १२८५ सालचे देऊळ पूर्वी नवऱ्याच्या जाचातून पळालेल्या बायकांना आसरा देत असे. मागच्या उतारावर, उंच, सुरूसारख्या 'सुगी' नावाच्या झाडांखाली, शेवाळाने हिरव्या झालेल्या दगडांमध्ये निशिदा आहेत. जवळच सुझुकी, तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो, प्रकाशक इवानामी शिगेओ. एका शाळेतले दोघे मित्र एका स्मशानात येऊन थांबले आहेत. निशिदांच्या मृत्यूची बातमी कळल्यावर सुझुकी मोठ्याने रडले असे सांगतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा, शून्यतेवर जगभर व्याख्याने देणारा माणूस. तिथे फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरेच झाले.

तिथून एनोदेन या छोट्या गाडीने इनामुरागासाकीला गेलो. याच भागात निशिदांचे घर होते आणि इथेच युद्धाची वर्षे गेली. त्याविषयी न लिहिता हे वर्णन संपवले तर ते लबाडीचे होईल. पंतप्रधान झालेले कोनोए फुमिमारो त्यांचे विद्यार्थी होते. १९४० मध्ये त्यांना संस्कृती सन्मान मिळाला, जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी सम्राटापुढे व्याख्यान दिले, १९४३ मध्ये लष्कराच्या वर्तुळातून मागणी आल्यावर 'नव्या जागतिक व्यवस्थे'वर टिपण लिहिले. त्यांचे समर्थक दाखवून देतात की १९४० च्या पुस्तकात त्यांनी जपानला जगाचा कर्ता बनवण्याविरुद्ध बजावले होते, तसे केले तर सम्राटमार्गाचा साम्राज्यवाद होईल असे स्पष्ट लिहिले होते. हे खरे आहे. पण सत्तेचे शब्द घेऊन त्यांचा अर्थ आतून बदलता येईल ही आशा त्यांनी धरली, आणि सत्तेने शब्द ठेवले, अर्थ टाकून दिला. सगळ्यांना ठाव देणाऱ्या विचारात चूक म्हणणारी जागा कुठे असते, हा प्रश्न तोसाकाने विचारला होता आणि मला त्याचे उत्तर निशिदांत सापडलेले नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीत थोरली मुलगी यायोई वारली. त्याच महिन्यांत, तोक्योवर बाँब पडत असताना, ते धर्मावरचा अखेरचा निबंध लिहीत होते. त्यात ते दाइतोकुजीच्या संस्थापकांचे जुने वचन पुन्हा पुन्हा आणतात : कोट्यवधी कल्प दुरावलेले, तरी क्षणभरही वेगळे नाहीत, दिवसभर समोरासमोर, तरी निमिषभरही भेट नाही. तिथे हे बुद्ध आणि माणूस यांच्याविषयी आहे. यायोई, केन, युको यांच्याविषयी नाही असे मला म्हणता येत नाही. ७ जून १९४५ रोजी, मूत्रपिंडाच्या विकाराने, निशिदा गेले.

शिचिरिगाहामाच्या किनाऱ्यालगत, मोटारींच्या रस्त्याकडेला, त्यांच्या कवितेचा दगड आहे. सात रीच्या (री म्हणजे जपानी कोस) या किनाऱ्यावर, लाटांवर तरंगणाऱ्या मावळत्या उन्हात, इझूचे डोंगर कुठे संपतात ते कळत नाही, एवढेच त्यात आहे. आम्ही पोचलो तेव्हा पश्चिमेला ढग होते. लाटांवर काळ्या पोषाखातले तरुण फळ्यांवर आडवे होऊन मोठ्या लाटेची वाट पाहत होते. भाच्याने दगडावरचे एक अक्षर ओळखता येत नाही म्हणून मोबाईल काढला. मी इझूकडे पाहत राहिलो, पण डोंगर दिसले नाहीत. साडेचार वाजता अंधारू लागले, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आले की छत्री दगडापाशीच राहिली.